खाऱ्या पाण्यातला जुना स्टर्नड्राइव्ह: दुरुस्त करू की काढून टाकू?

ओहोटी_रेवदंडा:
मंडळी, सल्ला हवाय. सेकंडहँड घेतलेली वीस फुटी फायबरची बोट आहे, १९९८ ची. आत ४.३ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, मागे मर्क्रुझर अल्फा वन जनरेशन टू हा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, गिअर आणि प्रोपेलरचा भाग बोटीच्या मागे बाहेर). कुंडलिकेच्या खाडीत असते. पावसाळ्यासाठी वर ओढली आणि गिअर ऑइल काढलं, तर जास्त दुधाचा चहा ओतावा तसं बाहेर आलं. शिवाय गेल्या सीझनपासून स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं की मागून जात्यासारखी घरघर येते. मेकॅनिकने न उघडताच निकाल दिला, "खालचा गिअरबॉक्स गेला, नवा मागवा." आकडा ऐकून बायकोने बोटीचं नाव 'खड्डा' ठेवलंय. काय करू?

स्पॅनर_१३:
आधी एक करा, आजच. ते दुधाळ ऑइल पूर्ण काढून ताजं भरून ठेवा. खारं पाणी चार महिने आत राहिलं तर बेअरिंगला खड्डे पडतात आणि मग तुमचा मेकॅनिक खरा ठरेल. भरताना खालच्या भोकातून पंपाने भरायचं, वरच्या भोकातून ऑइल यायला लागेपर्यंत. वरून ओतलंत तर हवा अडकते.

आता निदान. तुमच्या दोन तक्रारी बहुधा दोन वेगळ्या जागच्या आहेत. वळताना घरघर म्हणजे गिंबल बेअरिंग (इंजिनकडून ड्राइव्हकडे जाणारी शाफ्ट धरणारं) किंवा युनिव्हर्सल जॉइंट (त्या शाफ्टचा वळणारा सांधा). ते रबरी बेलोजच्या (घड्या असलेल्या नळ्याच्या) आत असतात, गिअर ऑइलमध्ये नव्हे. बेलोज फाटला की तिथे समुद्र शिरतो. ऑइलमध्ये पाणी येतं ते सीलमधून, आणि सील एक नाही, बरीच आहेत. कुठलं गेलंय ते न बघता अख्खा गिअरबॉक्स बदलणं म्हणजे नळ गळतो म्हणून टाकी पाडणं.

ड्राइव्ह काढा. काढण्याआधी गिअर फॉरवर्डला टाका, अल्फाला ते लागतं. सहा नट आहेत. दोन माणसं हवीत, एकट्याने उचलायचा शहाणपणा नको. ऑइल काढून भोकाला गेजवाला हातपंप जोडा. आधी ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), मग हळूहळू १२-१५. जास्त नको, चांगलं सीलही उलटेल. पाच मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी, नाहीतर सरळ पिंपात बुडवा. प्रोपेलरची शाफ्ट हाताने फिरवत बघा, काही सील फिरतानाच गळतात.

भरती_आली:
माझं स्पष्ट मत, काढून टाका. ट्रान्समचं, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीचं भोक बुजवा, आउटबोर्ड (मागे बाहेर टांगायचं इंजिन) लावा. मालवण-तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी बघा, बहुतेक आउटबोर्डच. मेकॅनिक वाडीवाडीत मिळतो. तुमच्या अल्फाचा मेकॅनिक कुठे शोधणार?

स्पॅनर_१३:
@भरती_आली, मेकॅनिक मिळण्याबद्दलचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण भोक बुजवणं म्हणजे फेव्हिकॉल लावणं नव्हे. ट्रान्सम नव्याने बांधावा लागतो, आतलं इंजिन गेल्यावर वजनाचा तोल बदलतो, कंट्रोल केबल नव्या. ट्रान्समचं लाकूड कुजलेलं निघालं तर तो विचार करू. हातोडीने ठोकून आवाज ऐका, भद्द आला तर वाईट.

ताम्पाची_वहिनी:
फ्लोरिडातून लिहितेय. आमच्याकडेही अल्फाच आहे, नवरा चालवतो, ग्रीस मी लावते. ओहोटीदादा, दोन गोष्टी विचारते. अ‍ॅनोड (ड्राइव्हऐवजी झिजायला लावलेले धातूचे तुकडे) कुठल्या धातूचे आहेत? आणि खाली अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले न धरणारा) रंग कुठला?

ओहोटी_रेवदंडा:
रंग घाटावर सगळे लावतात तोच, तांब्याचा. आधीच्या मालकाने ड्राइव्हलाही फासलाय. अ‍ॅनोडच्या जागी नुसते बोल्ट दिसतायत.

ताम्पाची_वहिनी:
अरे देवा. ड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी बसवलं की अ‍ॅल्युमिनियम झिजणार, बॅटरीसारखंच. तो रंग खरवडून काढा, प्रायमर मारा आणि ड्राइव्हसाठी तांबंविरहित रंग घ्या. अ‍ॅनोड मॅग्नेशियमचे घेऊ नका, ते गोड्या पाण्याचे, खाऱ्यात बघता बघता संपतात. तुमच्या खाडीत पावसाळ्यानंतर पाणी निमखारं होत असणार, म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे बरे. त्यांच्यावर रंग मारायचा नाही, बसवण्याची जागा घासून चकचकीत करायची. अर्धे झिजले की बदला.

आणि इंजिनला खाडीचंच पाणी थंड करत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर (इंजिनचा धूर बाहेर नेणारे ओतीव भाग) कधी बदलले ते विचारा. इथे चार-सहा वर्षांत बदलतात. आतून गंजून फुटले की पाणी थेट सिलिंडरमध्ये. ड्राइव्हपेक्षा ते दुखणं मोठं.

ओहोटी_रेवदंडा:
पार्ट मागवताना काय सांगायचं? दुकानदार म्हणतो, "नंबर द्या", आणि मला तीन नंबर सापडले.

स्पॅनर_१३:
तिन्ही बरोबर आहेत. इंजिनचा वेगळा, ड्राइव्हचा वेगळा, ट्रान्समचा वेगळा. सील आणि इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं पात्यांचं चाक) ड्राइव्हच्या नंबरवर, बेलोज आणि गिंबल बेअरिंग ट्रान्समच्या. इम्पेलर घ्याच. अल्फाचा पाण्याचा पंप ड्राइव्हच्या आत असतो, उघडलाय तर बदला. खाडीच्या गाळाने पाती खाल्लेली असणार.

ओहोटी_रेवदंडा: (गणपतीनंतर)
सर्वांना रिपोर्ट. दाब ७ वर गेला आणि काटा बसला. निळ्या पिंपात बुडवल्यावर बुडबुडे एकाच जागी, प्रोपेलरच्या शाफ्टपाशी. प्रोपेलर काढला तर मागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला, वितळून काचेसारखा कडक झालेला, थेट सीलमध्ये रुतलेला. कुणाच्या तरी जाळ्याचा असणार. बेअरिंग कॅरियर (प्रोपेलरच्या शाफ्टचं बेअरिंग धरणारा भाग) मात्र मिठाने असा धरला होता की चार संध्याकाळी गेल्या. शेवटी बाहेरून गरम करून पुलरने आला, येताना तोफेसारखा आवाज. गिअरचे दात शाबूत.

बेलोजला खालच्या बाजूने चीर होती, वरून दिसलीच नसती. गिंबल बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं. ते बदललं. मग अलाइनमेंट बार (इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते बघायचा दांडा) उसना मिळेना. अलिबागच्या एकाने दिला, बदल्यात दोन पापलेटं. बार आत सरकेना म्हणून इंजिनचे पुढचे माउंट जरा उचलले, मग लोण्यासारखा गेला.

तीन फेऱ्या झाल्या. दर फेरीनंतर खालचा स्क्रू जरासा सैल करून दोन थेंब बघतो, पाणी असेल तर तेच आधी येतं. अजून स्वच्छ. घरघर बंद.

आता प्रश्न एकच. ओहोटीला बोट गाळात बसते म्हणून ड्राइव्ह वर उचलून ठेवावा लागतो, आणि तसा ठेवला की नवा बेलोज ताणलेलाच राहतो. ट्रेलर घ्यावा का?

ताम्पाची_वहिनी:
घ्या. घरी आणून, ड्राइव्ह पाणी ओढतो तिथे नळीचे रबरी 'कान' लावून, गोड्या पाण्याने दहा मिनिटं धुता येईल. आधी नळ चालू, मग इंजिन, उलटं करू नका. वहिनींना सांगा, खड्डा आता घराशेजारी येतोय.