राणीच्या वाढदिवसाची नाणी: संग्रह की मोड?

गोदाकाठ: ब्रिटनच्या राजमातेच्या ८०व्या वाढदिवसाचा १९८०चा क्राउन (मोठं स्मारक नाणं) कुणी 'दुर्मीळ' म्हणून पुढे केला तर हसून परत करा. ९० लाखांहून जास्त पाडले होते, तेही कॉपर-निकेलचे, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे. चांदीची प्रूफ (संग्राहकांसाठी आरशासारखी चकचकीत पाडलेली) आवृत्ती निराळी: २८.२८ ग्रॅम, हजारात ९२५ शुद्धता, म्हणजे निव्वळ चांदी २६.१६ ग्रॅम. आजच्या भावाने गुणा, वर थोडं द्या. मखमली डबीचे पैसे कशाला? ही टांकसाळीची दुकानदारी आहे.

नाणेघाट: चांदीच हवी तर सराफ बाजारातून लगड घ्या की! या नाण्यावर किंमतच लिहिलेली नाही. कायद्याने २५ पेन्स. १९९०च्या ९०व्या वाढदिवसाला त्याच मापाचं नाणं थेट ५ पौंडांचं झालं. १९८०च्या नाण्यावर राजमातेच्या माहेरच्या बोज-लायन आडनावावरून चेहऱ्याभोवती धनुष्यं आणि सिंह कोरलेत. हे मोडीच्या भावात कसं धरणार? २०२५चं अहिल्यादेवींच्या ३००व्या जयंतीचं ३०० रुपयांचं नाणंही तुम्ही काट्यावरच टाकणार का? एकदा अंजनेरीचं नाणे संग्रहालय बघून या.

सराफगल्ली: भांडा, पण आधी धातू ओळखा. १९८०च्या दोन्ही आवृत्त्यांचं वजन तेच, व्यासही तोच ३८.६१ मिमी. नुसत्या वजनाने काही कळत नाही. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून शून्य करा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर ३.१८ ग्रॅमच्या आसपास आलं तर कॉपर-निकेल, २.७३ आलं तर चांदी. बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि चांदीही कॉपर-निकेल वाटते.

नाणेघाट: प्रूफ नाणं नळाच्या पाण्यात घालाल तर आरशावर डाग पडतील. डिस्टिल्ड पाणी घ्या, नंतर पुसू नका, टिपा. कसोटीवर घासणं आणि पितांबरी तर नकोच. पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात हिरवट चिकट थर चढतो. ३९ मिमीची कॅप्सूल, म्हणजे नाण्याची पारदर्शक गोल डबी घ्या.

गोदाकाठ: पाणी धातू सांगेल, टांकसाळ नाही. जपानने १९८६मध्ये सम्राट हिरोहितोंच्या कारकिर्दीच्या ६० वर्षांनिमित्त २० ग्रॅम सोन्याचं १ लाख येनचं नाणं काढलं. दर्शनी किंमत सोन्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे खऱ्या सोन्याचीच बनावट नाणी निघाली आणि १९९०मध्ये उघडकीला आली. ती काट्यावरही पास, पाण्यातही पास!

सराफगल्ली: म्हणूनच टांकसाळीची सीलबंद डबी लागते. वर मखमलीला नावं तुम्हीच ठेवली होती.