तुर्की हमाम: बायकांची हक्काची जागा की अजून एक चार भिंती?

रानजाई:
हमाम, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघर, म्हटलं की लोकांना ते अँग्र या फ्रेंच चित्रकाराचं १८६२ चं गोल चित्र आठवतं, लोळत पडलेल्या उघड्या बायकांचं. फार राग येतो मला त्याचा. तो माणूस तुर्कस्तानात कधी गेलाच नव्हता! इंग्रज राजदूताची बायको मेरी माँटेग्यू मात्र १७१७ मध्ये सोफियाच्या (तेव्हा ऑटोमन राज्यात) हमामात स्वतः जाऊन आली, आणि तिने पत्रात लिहिलंय की हे बायकांचं कॉफीहाउस आहे, गावातल्या सगळ्या खबरा इथेच कळतात. घरून खायचं बांधून न्यायचं, अर्धा दिवस बसायचं. लग्नाआधी नवरीचं न्हाण तिथेच, बाळंतिणीचं चाळिसाव्या दिवसाचं पण तिथेच. माझ्या मते ही बायकांची स्वतःची जागा होती.

भटक्या:
साफ नाही पटलं. मुलांच्या आया तिथेच सुना हेरायच्या, अंगकाठी, त्वचा, केस सगळं बघून. कांदेपोह्यांना निदान अंगावर साडी तरी असते. आणि ते पत्र पूर्ण वाचा ना, पुढच्या बैठकीवर मालकिणी, मागे त्यांच्या गुलाम मुली, सतरा-अठराच्या, मालकिणींच्या वेण्या घालतायत. त्या मुलींची कुठली हक्काची जागा?

रानजाई:
त्याच पत्रात हेही आहे की कपडेच नाहीत त्यामुळे मोठी कोण धाकटी कोण कपड्यांवरून कळत नव्हतं. आणि त्या बायकांनी माँटेग्यूला कपडे काढायचा आग्रह केला तेव्हा तिने आतला कॉर्सेट, म्हणजे आवळून बांधलेली ताठ चोळी, दाखवला, तर त्यांना वाटलं हिला नवऱ्यानेच या यंत्रात कोंडलंय! कोणाला कोण कैदी वाटत होतं बघा.

ओवी:
मी इस्तंबूलला एका जुन्या हमामात गेले होते म्हणून लिहितेय. मधे गरम संगमरवरी चौथरा असतो, गोबेकताशी म्हणतात, त्यावर पालथं पडायचं आणि नातिर, म्हणजे न्हाऊ घालणारी बाई, केसे नावाचा खरखरीत हातमोजा घालून घासते, मळाच्या अक्षरशः शेवया निघतात. आजीने न्हाऊ घातल्यासारखं वाटलं आणि मला रडूच आलं, इतकं कोणी निर्हेतुक हात लावत नाही आपल्याला. पण तिची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतलेली आणि माझ्यानंतर बाहेर पाचजणी थांबलेल्या, त्यामुळे भटक्याचं म्हणणंही मला सोडवत नाही. आपण बायकांची मोकळीक म्हणतो तेव्हा नातिरला धरतच नाही.

रानजाई:
नातिरचं मान्य, ते माझ्याकडून सुटलंच. पण ती तिची कमाई होती, चार बायकांत केलेली, हेही धरा. आणि इस्तंबूलमधला चेंबरलिताशचा हमाम १५८४ चा, नूरबानू सुलतान या ऑटोमन सुलतानाच्या आईच्या नावाचा, बायकांचा भाग वेगळा. एका बाईने बायकांसाठी सोय केली.

भटक्या:
केली ना, आणि एकोणिसाव्या शतकात दिवानयोलू रस्ता रुंद करताना त्याच हमामाचा बायकांकडचा कपडे बदलायचा भाग कापला. पुरुषांकडचा शाबूत राहिला. जागा बायकांची होती म्हणता, मग तेव्हा त्यांना विचारलं कोणी?