सर्जियो कॉन्सेसाव: मोठा कोच की फक्त पोर्तोचा कोच?

सेंटरहाफ:
मे २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान क्लबने कॉन्सेसावला नारळ दिल्यापासून एकच सूर ऐकतोय, की हा गडी पोर्तुगालमधल्या पोर्तो क्लबपुरताच. मला हे अजिबात पटत नाही. २०१७ मध्ये तो पोर्तोचा कोच झाला तेव्हा क्लबच्या खर्चावर युएफाची (युरोपच्या फुटबॉल संघटनेची) बंधनं होती आणि कट्टर प्रतिस्पर्धी बेनफिका सलग चार वेळा लीग जिंकून बसलं होतं. नवे खेळाडू घ्यायला पैसा नाही, म्हणून लोनवर बाहेर धाडलेल्यांनाच त्याने उभं केलं. मारेगाला आदल्या हंगामात गिमारायिश क्लबकडे लोनवर पाठवून दिलं होतं. त्याच मारेगाने लीगमध्ये २२ गोल ठोकले आणि पोर्तो चॅम्पियन झालं. जानेवारी २०२२ मध्ये, ऐन हंगामात, पोर्तोचा लुइस दियास लिव्हरपूलला विकला गेला. तरी ९१ गुण! आणि विजेतेपद पक्कं झालं ते बेनफिकाच्याच मैदानात, इंज्युरी टाइममधल्या झैदूच्या गोलवर. सात वर्षांत ११ करंडक. एवढं करूनही 'फक्त पोर्तोचा'?

बाकावरून:
११ मान्य, पण त्यात लीग तीनच. बाकी सगळे कप आणि सुपर कप. पोर्तोतल्या शेवटच्या हंगामात पोर्तुगालच्याच स्पोर्टिंगचे ९० गुण, पोर्तोचे ७२. उतरण मिलानच्या आधीच लागली होती. मिलानमध्ये तो आला तेव्हा संघ आठवा, गेला तेव्हाही आठवा. चॅम्पियन्स लीगमध्ये फेयेनूर्दने घरी पाठवलं, इटलीच्या कपची फायनल बोलोन्याकडून ०-१ हरले. पोर्तोत तो माजी खेळाडू, घरचा माणूस, म्हणून त्याचा धाक चालला. मिलानच्या खेळाडूंनी तो का मानावा?

उजवी बगल:
का मानावा? युरो २००० मध्ये जर्मनीला एकट्याने तीन गोल मारलेला विंगर आहे तो! त्याच वर्षी लात्सिओबरोबर इटलीची लीग जिंकली, पुढे पार्मा आणि इंटरकडून खेळला. इटलीला तो परका नव्हता.
माझा आक्षेप वेगळा आहे. त्याचा संघ झुंजीत खुलतो. २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये पोर्तोच्या तारेमीला रेड कार्ड मिळाल्यावर दहा जणांनी तुरिनमध्ये एक्स्ट्रा टाइमपर्यंत झुंजून युव्हेंटसला बाहेर काढलं, ते मी कधीच विसरणार नाही. पण समोरचा संघ मागे बसून राहिला की वाट कशी काढायची, याचं उत्तर मिलानमध्ये दिसलं नाही.

सेंटरहाफ:
@बाकावरून, आठवा नंबर त्याने आणला नव्हता, त्याच्या पदरात पडला होता. ३० डिसेंबरला नेमणूक झाली आणि ६ जानेवारीला इटलीचा सुपर कप हातात: आधी युव्हेंटसला २-१, मग इंटरविरुद्ध ०-२ वरून ३-२. आणि 'पोर्तोपुरताच' म्हणताना फ्रान्सचा नान्त क्लब कसा विसरता? डिसेंबर २०१६ मध्ये १९ व्या नंबरवरचा संघ घेतला आणि सातवा आणून सोडला. तिथे कुठे होता घरचा माणूस?

बाकावरून:
नान्त विसरलो नाही. उत्तम काम होतं, पण अर्ध्या हंगामाचं. ओल्यानेन्स, अकादेमिका, ब्रागा, गिमारायिश, नान्त, मिलान... पोर्तो सोडून एकाही क्लबात तो पूर्ण दोन हंगाम राहिलेला नाही. सुपर कप आठवड्यात जिंकता येतो. दुसऱ्या वर्षी तेच खेळाडू, तोच ड्रेसिंग रूम सांभाळून संघ पुढे नेणं त्याने पोर्तोबाहेर अजून एकदाही केलेलं नाही, आणि मी मोठा कोच त्याच्यावरून ठरवतो.