मदत हवी आहे: नाक चोंदलेलं असताना स्कायडायव्हिंग?

नमस्कार मंडळी, मी नागपूरचा. दिवाळीनंतर १०,००० फुटांवरून टँडम उडी (प्रशिक्षकाला बांधून विमानातून मारायची) ठरवली आहे. अडचण अशी की पाऊस सरला, गाजर गवत फुललं की माझं नाक महिनाभर बंद. सेमिनरी हिल्सवर सकाळचं फिरणंही सोडावं लागतं. खाली येताना हवेचा दाब झपाट्याने वाढतो, नाक बंद असेल तर कान, सायनस भयंकर दुखतात, कानाचा पडदाही फाटू शकतो, हे ठाऊक आहे. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने मला गुंगी येते, त्यामुळे त्या दिवशी ती नकोच. नाकातला स्टेरॉइड स्प्रे कुणी वापरलाय का? किती दिवस आधी सुरू केला? कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाणारच आहे, पण त्यांना नेमकं काय विचारू? ऐनवेळी नाक चोंदलं तर उडीची तारीख बदलून मिळते का? फार वर्षांचं स्वप्न आहे हो, पण कान गमावून नको.