अनुभव धागा: शुभवर्तमानातलं अवघड वचन तुम्ही कसं जगता?

येशूचं डोंगरावरचं प्रवचन, म्हणजे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे (येशूच्या जीवनाच्या वृत्तांताचे) ५ ते ७ हे अध्याय, आपल्यापैकी अनेकांना जवळजवळ पाठ आहेत. पण वैऱ्यावर प्रीती कर, मागेल त्याला दे, हे नेमकं कुणाशी आणि कसं करायचं, यावर आपण एकमेकांशी फारसं बोलत नाही. उपदेश नको, घडलेलं लिहा. अर्धवट राहिलेलंही चालेल.

एक बहीण
वडील गेल्यावर भावाने वाटणीचे कागद परस्पर करून घेतले. मत्तय १८ मध्ये येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगतो. मला त्याचा अर्थ असा भिडला की अपराध एकच असतो, पण तो आठवेल तितक्या वेळा क्षमा नव्याने करावी लागते. त्याच अध्यायात असंही आहे की अपराध करणाऱ्या भावाला आधी एकांतात सांग, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने. मी तसंच केलं. त्याने ऐकलं नाही. आईच्या हिश्श्यासाठी दावा चालू ठेवला आहे, आणि वहिनी आजारी होती तेव्हा रात्री तिच्या उशाशी मीच बसत होते. लोकांना हे विसंगत वाटतं. मला वाटत नाही.

तिला एक प्रश्न
ताई, दावा चालू असताना प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घेता? वेदीपाशी अर्पण आणताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर आधी जाऊन समेट कर, हे मत्तय ५:२३-२४ वाचल्यापासून मी घेत नाही.

बहीण
घेते. समेटासाठी जा, असं तिथे सांगितलंय. मी जाऊन आले, पुन्हाही जाईन. दार उघडणं त्याच्या हातात आहे.

नवऱ्याचं घर सोडलेली
मला दुसरा गाल पुढे करायला सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय वाचावा. महायाजकापुढे शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने त्याला सरळ विचारलं, मला का मारतोस? त्या प्रश्नाने मला बाहेर पडायचं बळ दिलं. नवऱ्यासाठी रोज प्रार्थना करते, त्याच्या घरी मात्र परतणार नाही.

सेवाकार्यातला
उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, म्हणून आमच्या गटात मदत घेणाऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत असं ठरलं. काही देणगीदार दुरावले. घेणारे मात्र आता मान वर करून येतात.

नोकरदार
माझं अडतं ते मार्क १० पाशी. सगळं विकून गरिबांना दे, असं येशू त्या धनवानाला सांगतो. पण त्याआधी त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती करतो. प्रवचनांत हे वाक्य बहुधा राहून जातं. मी सगळं विकलेलं नाही. पगारवाढ झाली की वाढलेली रक्कम घरात न आणता एका कर्जबाजारी कुटुंबाच्या हप्त्याला जाते. बायकोची संमती आहे, मुलगा अजून वाद घालतो. त्याचे मुद्दे खोडून काढण्यासारखे नाहीत, म्हणून आम्ही दोघं आता लूकाच्या शुभवर्तमानाचा १२ वा अध्याय, जिथे येशू लोभ आणि संपत्तीबद्दल बोलतो, एकत्र वाचतो आहोत.