जेपेगची टिफ केली की छपाई सुधारते का?

नवखा_डिझायनर
ए४ पत्रक ऑफसेटवर छापायचंय. पानभर एक फोटो (जेपेग, १२०० × १६०० पिक्सेल), वेबसाइटवरून उतरवलेला लोगो (पीएनजी) आणि मजकूर. प्रेसवाले म्हणतात, टिफ नाहीतर पीडीएफ द्या. फोटो नुसता टिफमध्ये सेव्ह केला आणि रेझोल्युशन ३०० टाकलं तर चालेल ना?

शाईचा_डाग
फाइल उघडेल, छापेलही. सुधारणार मात्र काही नाही. जेपेग ८ × ८ पिक्सेलच्या चौकोनांत बारकावे गाळते. गाळलेलं टिफमध्ये परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. टिफचा उपयोग यापुढे: रीटचिंग करताना शंभरदा सेव्ह केली तरी झीज नाही. एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन बिनधास्त ठेवा, त्यात काही गळत नाही.

खरी अडचण पिक्सेलची आहे. ए४ला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना उडणारी जादा कड) धरलं तर २१६ × ३०३ मिमी, म्हणजे ३०० पीपीआयला (इंचामागे ३०० पिक्सेल) साधारण २५५० × ३५८० पिक्सेल लागतात. तुमचा फोटो पानभर ताणला तर जेमतेम १३४ पीपीआय. फोटोशॉपच्या 'इमेज साइझ'मध्ये 'रीसँपल'ची खूण काढून ३०० टाका, म्हणजे फोटोचा खरा आकार कळेल: १०.२ × १३.५ सेमी. खूण ठेवलीत तर सॉफ्टवेअर मधले पिक्सेल अंदाजाने भरतं. मूळ फाइल मागवा, आणि व्हॉट्सॲपवर असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून.

के_शंभर
लोगोकडे कुणी बघतच नाही! पीएनजीत सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) ठेवताच येत नाही. लोगोतली काळी अक्षरं आरजीबीतून (स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा रंग) चार शायांत विभागली जातात आणि रजिस्ट्रेशन (शायांचं एकमेकींवर अचूक बसणं) केसभर हललं की रंगीत कड दिसते. मूळ व्हेक्टर (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेली फाइल) मागा: एआय (इलस्ट्रेटरची फाइल), ईपीएस, एसव्हीजी, काहीही. पीएनजी पीडीएफमध्ये बसवली म्हणून ती व्हेक्टर होत नाही. झूम करा, कडेला पायऱ्या दिसल्या तर पिक्सेलच.

मजकूर फोटोशॉपमध्ये नको. इनडिझाइन किंवा स्क्रायबससारख्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, बारीक अक्षरं फक्त के १०० (निव्वळ काळी शाई).

प्लेटमेकर
टिफचा एवढा बाऊ नको. एकदाच, वरच्या क्वालिटीत सेव्ह केलेली जेपेग छापल्यावर टिफपेक्षा वेगळी ओळखणं अवघड. पत्रकाला शेवटी पीडीएफच द्या: छपाईसाठीच्या पीडीएफ/एक्स प्रकारांपैकी पारदर्शकता तशीच ठेवायची तर एक्स-४, प्रेसचं आरआयपी (फाइलचे छपाईसाठी ठिपके बनवणारं सॉफ्टवेअर) जुनं असेल तर एक्स-१ए. फॉन्ट पीडीएफच्या आतच एम्बेड झालेत का, तेही बघा.

नवखा_डिझायनर
आणि सीएमवायके प्रोफाइल कोणता?

प्लेटमेकर
प्रोफाइल म्हणजे कागदावर रंग कसे उमटतील याची नोंद; तो प्रेसलाच विचारा, कागदावर ठरतो. कोटेड कागदाचा प्रोफाइल साध्या कागदाला लावला तर शाई जास्त बसते, सावल्या बुजतात, वाळायला वेळ लागतो आणि मागच्या कागदावर डाग उठतात. मूळ आरजीबी फाइल मात्र पुसू नका. उद्या कागद बदलला तर तिच्यातूनच पुन्हा सीएमवायके काढावं लागेल.