नऊ वर्षांच्या मुलाच्या जबड्यात सिस्ट: पक्की दाढ काढावीच लागते का?

सिडकोकर_आई:
मुलाच्या उजव्या खालच्या जबड्यावर फुगवटा आलाय. दुखत नाही, म्हणून आधी लक्ष गेलं नाही. त्याच बाजूच्या दुधाच्या दाढेचं मागे रूट कॅनल झालंय. अँटिबायोटिकने सूज तसूभर हलली नाही, सासूबाईंच्या हळदीच्या लेपानेही नाही. ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) खालची पक्की दाढ पार तळाला ढकललेली आणि तिच्याभोवती काळा गोल. डॉक्टर म्हणतात, सिस्ट (पाण्याची पिशवीसारखी गाठ) आहे, दाढेसकट काढू. काढू द्यावी का?

दंतू_पंचवटी:
ताई, मी लहान मुलांचेच दात बघतो. वर्णन डेंटिजेरस सिस्टचं, म्हणजे न उगवलेल्या दाताभोवती होणाऱ्या साध्या गाठीचं वाटतंय, पण ओपीजीवर केरॅटोसिस्ट (जास्त चिवट गाठ) आणि युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा (जबड्यातला एक ट्यूमर) हेही असेच दिसू शकतात. त्यामुळे फोटो बघून पक्कं निदान मी करणार नाही, कुणी केलं तर मानूही नका. सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) काढा. आधी सुईने ओढून बघतात: पिवळसर पाणी आलं तर बहुधा साधी सिस्ट, घट्ट पांढरट काही आलं तर केरॅटोसिस्टचा संशय, नुसतं रक्तच यायला लागलं तर तिथेच थांबायचं.
साधी सिस्ट असेल तर या वयात दाढ वाचवायचा प्रयत्न आधी. दुधाची दाढ काढून त्याच खड्ड्यातून गाठीला खिडकी करतात, अस्तराचा तुकडा बायोप्सीला, म्हणजे लॅबमध्ये तपासायला जातो. आतला दाब उतरला की हाड भरत येतं आणि पक्की दाढ बऱ्याचदा आपली आपण वर येते. मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं, हीच जमेची बाजू. आली नाही तर ऑर्थोवाले (दातांना तारा लावणारे डॉक्टर) ओढून आणतात.
नाशिकच्या केबीएच डेंटल कॉलेजात दुसरं मत घ्या. पेडो (लहान मुलांचे दात) आणि ओरल सर्जरी (जबड्याच्या शस्त्रक्रिया) दोन्ही तिथेच आहेत.

नाशिकरोडचा_बाबा:
आमच्या लेकीचं हेच झालं. खिडकी बुजू नये म्हणून ॲक्रिलिकचं बूच देतात. जेवण झालं की ते काढायचं, सुई नसलेल्या सिरिंजने सलाईन मारायचं. पहिल्यांदा भाताची शितं बाहेर आली आणि बायकोला मळमळलं! वासही येतो. पोरगी मात्र पुढे आरशात बघून स्वतःच करायची.

सिडकोकर_आई:
बायोप्सीचं कुणी बोललंच नव्हतं. आणि केरॅटोसिस्ट निघाली तर?

दंतू_पंचवटी:
ती परत उगवू शकते, म्हणून बरीच वर्षं एक्स-रे काढत राहावे लागतात. एकापेक्षा जास्त निघाल्या तर गॉर्लिन सिंड्रोमची (अशा गाठी होणाऱ्या एका जनुकीय आजाराची) तपासणीही करून घ्या. रिपोर्ट आला की इथे टाका, मुलाचं नाव झाकून.